भात मुरेपर्यंत

आम्ही स्वयंपाकी नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, कामापुरते लॅटिनही शिकलो. भात शिजवणे हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. घंटा झाली की भात ताटात असे. पुढे ज्या ज्या गावी नेमणूक झाली तेथे कोणी मावशी, कोणी काकू आमच्या पोटाची काळजी वाहत आल्या, आणि आम्हीही भाताविषयी 'मऊ आहे', 'फडफडीत आहे', 'आज जरा लागला वाटते' यापलीकडे कधी विचार केला नाही. असा मनुष्य पन्नाशी गाठल्यावर तळ्यासारख्या गावी एका कोरियन इंजिनिअरकडून भात शिजवायला शिकतो, हे ऐकून आमचे सहधर्मगुरू हसतात. त्यांनी हसावे. आमच्या हातचा भात जेवून गेलेले मात्र हसत नाहीत. निदान जेवताना तरी नाहीत.

तळा हे नाव वाचकांनी ऐकले असेल ते तळगडामुळे. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले त्यांत हा एक होता. गडाखाली गाव, गावाभोवती भाताची खाचरे, पलीकडे मांदाडची खाडी आणि खाडीच्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी. ख्रिस्ती वस्ती अगदी तुरळक. आम्ही राहत्या घराच्या पुढच्या खोलीत वेदी मांडतो आणि रविवारी आसपासची मोजकी कुटुंबे जमतात. अशा आडवळणी जागी कोरियन मनुष्य कोठून येणार, असे कोणासही वाटेल. परंतु शेजारच्या माणगाव तालुक्यात, विळे-भागाडच्या औद्योगिक क्षेत्रात, पोस्को या कोरियन कंपनीचा पोलादी पत्र्याचा कारखाना आहे. २०१५ साली तेथे वर्षाला अठरा लाख टन पत्रा काढण्याची सोय झाली. मोटारींसाठी लागणारा हा पत्रा काढायला जी मंडळी समुद्रापलीकडून आली, त्यांतले एक गृहस्थ एका रविवारी आमच्या दारात उभे राहिले. वय आमच्याहून पाच-सहा वर्षांनी अधिक. कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "शिनबुनिम." कोरियन कॅथलिक आपल्या धर्मगुरूला या शब्दाने हाक मारतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

दर रविवारी ते येत. कोणाला फार न बोलता बसत, प्रभुभोजन दोन्ही हातांनी घेत आणि मिस्सा संपल्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकच प्रश्न विचारत, "फादर, जेवलात का?" सकाळी साडेआठ वाजता हा प्रश्न आम्हाला चमत्कारिक वाटे. मग कळले की त्यांच्याकडे कुशल विचारण्याची ती रीतच आहे. शिजलेल्या भाताला आणि जेवणाला त्यांच्या भाषेत एकच शब्द. त्या शब्दाचा उच्चार मराठी कानाला कधी 'बाप' तर कधी 'पाप' असा ऐकू येई, आणि धर्मगुरूच्या कानाने दोहोंपैकी कोणता घ्यावा हे ठरवणे कठीण होई. शेतातल्या भाताला वेगळा शब्द, सडलेल्या तांदळाला वेगळा, पेजेला वेगळा. आपल्याकडे खाचरात उभा तोही भात आणि ताटात वाढला तोही भात. आमच्या या काटकसरीचे त्यांना फार नवल वाटे. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. कोरियन मनुष्य तेथे 'यांगशिक' मागतो, म्हणजे घरात साठवलेले रोजच्या खाण्याचे धान्य. त्यांच्यापुरता त्याचा अर्थ तांदूळच.

असो. भाताकडे वळू.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाचकांपैकी जे श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूड या भागांतले असतील त्यांना त्या दिवसाचे वर्णन नको. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आंबे मुळांसकट उलथले, घरांवरचे पत्रे पाखरांसारखे उडाले. ज्या तालुक्याच्या शेजारी लाखो टन पत्रा तयार होतो तेथे लोक प्लास्टिकच्या ताडपत्र्या शोधत फिरत होते. विजेचे खांब मोडले, आणि आमच्याकडे पुढे कित्येक दिवस वीज आली नाही. त्यात करोनाची टाळेबंदी. प्रार्थनास्थळे बंद, विमाने मार्चपासूनच बंद.

जूनच्या मध्यावर आमचे हे स्नेही अचानक आले. मुखपट्टीवरून डोळे तेवढे दिसत होते. जॉन्जू शहरात त्यांची आई वारली होती, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्याकडे मृताला तिसऱ्या दिवशी मूठमाती देण्याची रीत. एखाद्या विशेष विमानात जागा मिळाली असती तरी उतरल्यावर चौदा दिवस विलगीकरणात बसावे लागले असते. ते गेले नाहीत. आम्ही दोघांनीच आईसाठी मिस्सा केली. मिस्सेनंतर त्यांनी त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मृतांसाठीची प्रार्थना सुरावर म्हटली. ती दोन गटांनी आळीपाळीने म्हणायची असते. दुसरा गट नव्हता. ते आपली ओळ म्हणत, थोडे थांबत, मग दुसऱ्या गटाची ओळही तेच म्हणत.

नंतर त्यांनी पिशवीतून एक पुडा काढला. त्यात इंद्रायणी तांदूळ होता. "शिनबुनिम, तुमच्या स्वयंपाकघरात थोडा भात शिजवू का?"

आमच्या मावशी, म्हणजे गावातल्या ज्या बाई आमचा स्वयंपाक पाहतात त्या, दारात उभ्या राहिल्या. परक्या पुरुषाने आपल्या शेगडीला हात लावावा हे त्यांना पसंत नव्हते, पण घरात मृत्यू झालेल्या माणसाला नाही म्हणणे त्यांच्याने झाले नाही. पाहुण्यांची अडचण वेगळीच होती. गेली तीस वर्षे त्यांच्या घरी भात विजेच्या कुकरात शिजत आला होता. कोरियन कुकर भात झाल्यावर बाईच्या आवाजात तसे सांगतोदेखील. आपल्या शिट्टीपेक्षा ते अधिक सभ्य म्हणायचे. शेगडीवर त्यांनी भात केला होता तो तरुणपणी, सक्तीच्या लष्करी नोकरीत, पत्र्याच्या डब्यात. बाकी सारे आईचे हात पाहून पाठ झालेले. तेव्हा त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात एक मनुष्य आपल्या आईचे हात आठवत होता आणि दोघे ते पाहत होते.

पहिले पाणी त्यांनी घातले आणि जवळजवळ लगेच ओतून टाकले. कोरडा तांदूळ पहिलेच पाणी अधाशासारखा पितो. ते गढूळ असेल तर तोच वास भाताला लागतो. मग तळव्याने हलके चोळत तीन वेळा धुतले. दुसऱ्या-तिसऱ्या वेळचे पांढरे धुवण त्यांनी बाजूला ठेवले. त्यांच्याकडे त्यात सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचे कालवण करतात. मावशी म्हणाल्या, "आमी ते गुरांना घालतो." पाहुण्यांना हे भाषांतर करून सांगण्याचे आम्ही टाळले.

धुतलेला तांदूळ अर्धा तास भिजत पडला. हा अर्धा तास मावशींना पटेना. त्यांची रीत आमच्या सर्व कोकणाची: रोवळीत तांदूळ धुवून निथळावा, टोपात पाण्याला आधण आले की वैरावा, दाणा बोटाने चेपून पाहावा, आणि शिजला की वरची पेज काढून घ्यावी. भात मोकळा होतो, पेज पोरांना, आजाऱ्याला, गड्याला. कोरियन रीत याच्या उलट. तांदूळ थंड पाण्यातच शेगडीवर चढतो, पाणी मोजून, आणि त्यातले एक थेंबही काढायचे नसते. जे घातले ते सारे दाण्यात जिरले पाहिजे. मावशींनी विचारले, "पेज नाय काढायची?" नाही म्हटल्यावर त्यांच्या मुद्रेवर जी शंका उमटली ती अखेरपर्यंत गेली नाही.

पाणी मोजायला मात्र दोघांचीही वाटी नव्हती. पाहुण्यांनी टोपात तांदळावर तळहात पालथा टेकवला आणि पाणी हाताच्या पाठीवर चढेपर्यंत ओतले. मावशी पुढे झाल्या, तांदळाला तर्जनीचे टोक लावले आणि पाणी पहिल्या पेराच्या रेषेशी आले आहे का ते पाहिले. आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दिवसापुरता त्यांच्यात तह झाला.

आमचा टोप ॲल्युमिनियमचा, पातळ, आणि झाकण त्याहून हलके. जुन्या कोरियन घरात भात बिडाच्या मोठ्या कढईत शिजे, आणि तिचे झाकणच एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असे, असे ते म्हणाले. झाकण जड असले की वाफ कोंडते, आणि वरचा दाणाही खालच्याइतकाच शिजतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मावशींनी न बोलता पाट्यावरचा वरवंटा उचलून झाकणावर ठेवला.

मोठ्या आचेवर पाण्याला उकळी फुटली, झाकण थरथरू लागले, कडेने पांढरा फेस आला. आता आच एकदम मंद. येथे आमच्या हातून प्रमाद होणार होता. सवयीने आम्ही झाकण उचलायला हात पुढे केला आणि त्या शांत माणसाने आमचे मनगट धरले. पुढच्या खोलीत शिनबुनिम आम्ही असू, शेगडीपाशी नव्हतो. "पाहायचे नाही," ते म्हणाले, "ऐकायचे." आम्ही ऐकू लागलो. प्रथम खदखद होती. ती हळूहळू जाड झाली, मग विरळ झाली. बारा-तेरा मिनिटांनी टोपाच्या तळातून बारीक तडतड ऐकू आली, वाळक्या पानावर पावसाचे चार थेंब पडावेत तशी. पाणी संपल्याची ती खूण. त्यांनी शेगडी बंद केली. आम्हाला वाटले, झाले.

झाले नव्हते. आता आणखी दहा मिनिटे झाकण तसेच. खालचा भात ओला, वरचा किंचित कोरडा. आच बंद झाल्यावर आतली वाफ ही विषमता आपोआप मिटवते. या थांबण्याला त्यांच्याकडे 'त्तुम' असा काहीसा शब्द आहे, आणि बोलायचे असून मनुष्य लवकर बोलत नाही तेव्हाही तोच शब्द वापरतात. आम्ही त्यांना आमचा 'मुरणे' सांगितला. भात मुरतो, लोणचे मुरते, आणि मनुष्यही एखाद्या धंद्यात मुरतो. पाणी कोठे मुरते आहे हे शोधण्यात तर आपले निम्मे सार्वजनिक आयुष्य जाते. तेही सांगितले, पण ते त्यांना उमगले नसावे.

त्या दहा मिनिटांत त्यांनी आईविषयी सांगितले. त्यांच्या लहानपणी, १९७० च्या सुमारास, कोरियात तांदळाचा तुटवडा होता. सरकारने लोकांना तांदळात जव मिसळून खायला लावले. शाळेत गुरुजी डब्यांची झाकणे उघडून पाहत. डब्यात नुसता पांढरा भात सापडला तर मुलाला शिक्षा. यांच्या आईला ती भीती कधीच नव्हती, कारण घरात नुसता पांढरा भात नसेच. वर्षातून काही दिवस तेवढा तो शिजे: आजोबांच्या मृत्युदिनी, आजीच्या मृत्युदिनी. वाफाळलेला वाडगा प्रथम मृतांपुढे जाई. "तेव्हा मला मेलेल्यांचा हेवा वाटे," ते म्हणाले.

पुढे १९७० च्या दशकात सरकारने 'तोंगिल' नावाचे नवे भात आणले. उत्पन्न भरघोस, दशक संपण्यापूर्वी देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, पण लोक नाके मुरडत, कारण त्याचा भात हवा तसा चिकट होत नसे. येथे आम्हाला एक गंमत सांगावीशी वाटते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने १९६६ साली आयआर-८ हे भाताचे वाण दिले. कोरियाचे तोंगिल त्याच आयआर-८ च्या संकरातून निघाले. आणि आपल्या मावळात, वडगावच्या भात संशोधन केंद्रात, १९८७ साली जे इंद्रायणी वाण प्रसिद्ध झाले ते आंबेमोहोर आणि आयआर-८ यांचे अपत्य. म्हणजे आमच्या शेगडीवर त्या दिवशी जो तांदूळ मुरत होता तो पाहुण्यांच्या बालपणीच्या तांदळाचा नात्याने भाऊच. फरक इतकाच की आंबेमोहोराकडून त्याला चिकटपणा आणि सुवास मिळाला. भात चिकट की मोकळा हे ठरते तांदळातील पिष्टाच्या आमायलोज या घटकावर. तो कमी असेल तर दाणे एकमेकांना धरून राहतात. कोरियन आखूड तांदळात तो कमी असतो. बासमतीने हा भात होणार नाही. इंद्रायणीने पुष्कळसा होतो.

झाकण उघडले. पाहुण्यांनी लाकडी उलथने कडेने घालून भात तळापासून वर आणला, दाणा न मोडता. एका वाडग्यात उंच भरला. मग तो हातात धरून ते उभेच राहिले. खिशात आईचा फोटो होता. तो वेदीपाशी ठेवून त्यापुढे वाडगा मांडण्याची त्यांची इच्छा होती, आणि ते आमची परवानगी मागत होते.

ही परवानगी साधी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. चीनमधील पूर्वजपूजेचे विधी ख्रिस्तसभेने १७४२ साली कायमचे निषिद्ध ठरवले होते. कोरियात धर्म पोचला तो मिशनऱ्यांकडून नव्हे, पुस्तके वाचून स्वतःच श्रद्धेकडे वळलेल्या गृहस्थांकडून. त्यांतल्या एकाने १७८४ साली पेकिंगला बाप्तिस्मा घेतला. १७९० साली पेकिंगच्या बिशपांकडून या नवख्या मंडळींना तो निषेध कळला. पुढच्याच वर्षी युन जी-छुंग यांची आई वारली. त्यांनी तिच्या नावाचा विधी केला नाही, घरातल्या पूर्वजांच्या पाट्या जाळल्या, आणि त्याबद्दल त्यांचा व त्यांचे भाऊबंद क्वॉन सांग-यॉन यांचा जॉन्जूत शिरच्छेद झाला. ज्या वाडग्यापायी हे झाले त्यांतलाच एक, म्हणावे तर, आमच्या पाहुण्यांच्या हातात होता. १९३९ साली पोप बारावे पायस यांच्या काळात रोमने तो निषेध मागे घेतला. पूर्वजांचा आदर ही मूर्तिपूजा नव्हे असे ठरले. मधल्या दीडशे वर्षांत जे मेले ते मेले. पोप फ्रान्सिस यांनी १६ ऑगस्ट २०१४ रोजी सोल येथे युन जी-छुंग यांच्यासह १२४ रक्तसाक्षींना 'धन्य' म्हणून घोषित केले. ख्रिस्तसभा हळू शिजते. आम्ही तिचेच सेवक आहोत, तेव्हा एवढे म्हणण्याचा अधिकार आम्हाला असावा.

पाहुण्यांना आम्ही 'ठेवा' म्हणालो. परंतु म्हणायला वेळ लागला, आणि त्याचे कारण १७४२ साल नव्हे, १९९९ साल होते.

आमची दीक्षा नुकतीच झाली होती. पहिल्याच नेमणुकीच्या गावी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत आशीर्वाद चालला होता. एका वृद्ध बाईने नवऱ्याच्या क्रुसापाशी केळीच्या पानावर मूठभर भात ठेवला होता. वाफ निघत होती. घरून पदराखाली झाकून आणला असावा. आम्ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, पुस्तकातून नुकतेच उठलेले. सर्वांदेखत आम्ही तिला विचारले, की हा पिंडदानाचा प्रकार ख्रिस्ती माणसाला शोभतो का? वेदीसेवकाकरवी पान उचलून कुंपणाबाहेर टाकवले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, त्यांना गरम भात लागायचा." पुढल्या वर्षी तिने मेणबत्ती आणली. आम्हाला आपण विजयी झाल्यासारखे वाटले, हे लिहिताना हात अडखळतो.

पाहुण्यांनी वाडगा ठेवला, भातात चमचा उभा खोचला (जिवंत माणसाच्या भातात असा चमचा कधी खोचत नाहीत) आणि दोनदा जमिनीला कपाळ टेकवले. आम्ही मागे उभे होतो. वाफ सरळ वर जात होती. ती थांबल्यावर त्यांनी चमचा काढला, वाडगा उचलला आणि म्हणाले, "आता जेवू." मीठ नाही, तूप नाही, नुसता भात, सोबतीला मावशींनी केलेले सुकटीचे कालवण. मावशींनी एक घास खाल्ला आणि आपले मत दिले, "भात म्हणायचा का गोळा? पण गोड हाय."

टोपाच्या तळाला सोनेरी खरवड धरली होती. आम्हाला वाटले, भात लागला. पण ती त्यांना हवीच होती. 'नुरुंगजी' म्हणतात तिला. त्यावर पाणी घालून त्यांनी टोप पुन्हा शेगडीवर ठेवला, आणि जेवणाअंती ते तपकिरी, किंचित करपट वासाचे गरम पाणी आम्हाला वाटीत दिले. तो वास आम्ही लहानपणी वसईला घेतलेला होता. आमची आई खरवड अशीच पाण्यात सोडवून घेई आणि सर्वांचे जेवण झाल्यावर चुलीपाशी बसून पिई. आम्ही मागितली तर म्हणे, "हे तुला नको, हे भांडे धुतलेले पाणी." आम्ही ते खरे मानले होते.

त्यानंतर आम्ही स्वतः प्रयत्न सुरू केले. पहिल्यांदा खालून कोळसा, वरून कच्चा. आच मंद करायला उशीर झाला होता. दुसऱ्यांदा पाणी अधिक झाले, लापशी झाली. तिसऱ्यांदा मध्येच फोन आला. आता जमते. हिशेब हवा असेल त्यांच्यासाठी: जाड बुडाचा टोप, दोन वाट्या इंद्रायणी, अर्धा तास भिजवून निथळलेला, त्याला पावणेतीन वाट्या पाणी, तांदूळ त्या हंगामाचा नवा असेल तर अडीचच. उकळी येईपर्यंत मोठी आच, मग अगदी मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे, मग बंद करून दहा मिनिटे. झाकणावर वरवंटा. बाकी कानाने. मावशी अजूनही आपला भात आधणाचाच करतात आणि आम्हाला आमचा करू देतात. आमचा भात असला की टोप मात्र त्याच घासायला नेतात, आणि खरवड कोठे जाते हे आम्ही विचारत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये पाहुण्यांनी एक बातमी दाखवली. जॉन्जूजवळ जुन्या कबरी हलवताना युन जी-छुंग आणि क्वॉन सांग-यॉन यांचे अवशेष सापडले होते. शिरच्छेदाला तेव्हा २३० वर्षे होत आली होती. ओळख कशी पटली? कबरीत पांढऱ्या चिनी मातीचे वाडगे ठेवलेले होते आणि त्यांवर मृतांची नावे व माहिती लिहिलेली होती. आम्ही ती छायाचित्रे बराच वेळ पाहिली. पाहुणे काही बोलले नाहीत. भाताचाच वाडगा तो, दुसरा कसला?

२०२२ साली विमाने नियमित सुरू झाली आणि त्यांची बदली मायदेशी झाली. जाताना त्यांनी आपला बोलणारा कुकर मावशींना दिला. तो कोरियन भाषेत बोलतो, म्हणून मावशींनी तो फडक्यात बांधून फळीवर ठेवला आहे. अधूनमधून फोनवर निरोप येतो, "शिनबुनिम, जेवलात का?" तिकडे आता लोक भात कमी खातात म्हणे. १९७० साली माणशी वर्षाला १३६ किलो तांदूळ लागे, २०२३ साली ५६ किलोच्या घरात आला. डब्यांची झाकणे उघडून पाहणारे गुरुजी आज असते तर त्यांनी उलट भात का आणला नाही म्हणून छडी मारली असती.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही त्या पहिल्या नेमणुकीच्या गावी गेलो. पहाटे भात केला, डब्यात भरला, डबा टॉवेलात गुंडाळला आणि एस.टी. पकडली. ती बाई वारून पंधरा वर्षे झाली होती. दफनभूमीत तिची कबर दाखवायला कोणी नव्हते. जागा अपुरी असल्याने तेथे काही वर्षांनी कबरी नव्या मृतांना देतात, आणि तिच्या जागी दुसऱ्याच कोणाचा क्रूस उभा होता. डबा घेऊन आम्ही तिच्या मुलाच्या घरी गेलो. मुलगाही आता साठीकडे झुकलेला. चहा झाला, पावसाच्या, पिकाच्या गोष्टी झाल्या. ज्यासाठी गेलो ते ओठांवर यायला आम्हाला बराच अवधी लागला. शेवटी सांगितले. मुलगा खाली पाहत राहिला. त्या दिवशी तोही कुंपणापाशी उभा होता.

"आई घरी येऊन रडली नाही," तो म्हणाला. "तिने तो भात पुन्हा शिजवला आणि आम्हाला वाढला."

सुनेने डबा उघडून पाहिला. भात गार होऊन घट्ट झाला होता. तिने तो पातेल्यात घातला, वर पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवले आणि शेगडी बारीक केली. आम्ही तिघे ओट्यापाशी उभे राहिलो. थोड्या वेळाने तिचा हात झाकणाकडे गेला, आणि आम्ही म्हणालो, "अजून नको, बाळ."